वेड पांघरून पेडगावला

गेले दोन शनिवार काही लिहिलं नाही. पहिल्या शनिवारी रिलीज होतं, त्याबद्दल बोलायलाच नको. दुसऱ्या शनिवारी गावाकडे गेलो आणि तिथे मी एक लपवाछपवी करून आलो. ती इथे लिहावी की नाही हे आठवडाभर ठरत नव्हतं. आता लिहूनच टाकतो.

सुरुवात झाली ती आमच्या कन्येच्या प्रोजेक्टपासून. चौथीत आहे. विषय होता समुद्रातल्या प्राण्यांच्या शरीराचे आकार आणि त्या आकारांचा त्यांना जगायला होणारा उपयोग. आता पुण्यातल्या मुलीला समुद्र म्हणजे अलिबागची उंटगाडी. तिने नेटवरून शार्क, ऑक्टोपस, समुद्रघोडा अशी चित्रं काढली, प्रिंट मारले, चिकटवले. पुढे काय लिहायचं म्हणून माझ्याकडे आली. मी विचारलं, "यातला एक तरी बघितलायस का?" तर म्हणे, "पापलेट बघितलंय. तळलेलं."

मग रविवारी सकाळी तिला घेऊन गणेश पेठेतल्या मासळी बाजारात गेलो. (बायकोचं मत: शाळेच्या निमित्ताने तुझीच सोय. त्यात तथ्य होतं.) पण खरं सांगतो, मासे खाणारा माणूस माशाकडे कधी बघत नाही. तो फक्त डोळे लाल झालेत का आणि कल्ले उघडून रंग कसा आहे तेवढं बघतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा आकार बघितले.

बांगडा घ्या. सूत कातायच्या चातीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता. शेपटीच्या अलीकडचा भाग इतका बारीक की चिमटीत यावा, आणि पुढे एकदम दुभंगलेली शेपटी. सगळी ताकद अंगात आणि वल्हं मागे. पाठीवरचा पर तर खाचेत घडी होऊन बसतो, म्हणजे वेगात पोहताना पाण्याला अडायलाच काही नको. पाठ काळपट निळी, पोट चंदेरी. वरून बघणाऱ्याला खालचा काळोख दिसतो, खालून बघणाऱ्याला वरचा उजेड. मोकळ्या समुद्रात लपायला झाड नाही की दगड नाही, तेव्हा अंगाच्या रंगातच लपायचं.

पापलेट म्हणजे ताट उभं धरल्यासारखं. बाजूने बघितलं तर केवढं थोरलं, समोरून बघितलं तर नुसती रेघ. अशा अंगाला झटकन वळता येतं. गंमत म्हणजे मोठ्या पापलेटला पोटाखालचे पर नसतातच. मी इतकी वर्षं खातोय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आणि लेप! लेप आणि पाकट दोन्ही चपटे, दोन्ही तळाला पडून राहणारे, पण चपटे व्हायची रीत वेगळी. पाकट सरळ पोटावर पसरलंय, जणू वरून कोणी इस्त्री फिरवली. त्यामुळे तोंड गेलं खाली वाळूत. मग श्वासाचं पाणी घ्यायला डोळ्यांच्या मागे वरच्या बाजूला भोकं ठेवलीत. लेप मात्र कुशीवर झोपलाय. जन्मतो तेव्हा त्याचे डोळे चारचौघांसारखे दोन बाजूंना असतात. मग मोठा होता होता एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि हे महाराज त्या कुशीवर कायमचे आडवे होतात. आमच्या धंद्यात याला पॅच म्हणतात. मूळ डिझाइन उभ्या माशाचं, रिक्वायरमेंट आली आडव्याची, नवीन लिहायला वेळ नाही, मग डोळा इकडचा तिकडे कर आणि दे सोडून. पण लाखो वर्षं चाललाय तो पॅच! आमचे तीन महिने टिकत नाहीत.

मुलगी खूश. चार फोटो काढले, पाकटाला बोट लावून बघितलं. पाव किलो बोंबील घेऊन घरी आलो.

इथपर्यंत सगळं गोड चाललं होतं. त्याच संध्याकाळी पाण्याचा फोन आला.

पाण्या म्हणजे पाणबुड्या. खरं नाव वेगळं, पण दौंडला त्याला सगळे हेच म्हणायचे. आता थोडं मागे जातो. माझं बालपण शिरूरला. वडील शाळेत मास्तर. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही गावाला शिरूर न म्हणता घोडनदीच म्हणतात. पाठीला रिकामा डबा बांधून मी त्या घोडनदीतच पोहायला शिकलो. आजोळ दौंडला, रेल्वे क्वार्टरमध्ये. म्हणजे शाळा घोड नदीवर आणि सुट्टी भीमा नदीवर. नकाशात बघितलं तर ही घोड पुढे जाऊन दौंडच्या वरच्या अंगाला भीमेलाच मिळते, पण लहानपणी आम्हाला त्या दोन वेगळ्या आत्या वाटायच्या. एक कडक, एक लाड करणारी.

पाण्या भोयाचा पोरगा. दौंडच्या खाली भीमेच्या काठावर त्यांची वाडी. श्वास धरून इतका वेळ पाण्याखाली राहायचा की आम्ही काठावर रडकुंडीला यायचो. त्याचे वडील, आबा, होडीत बसवून आम्हाला न्यायचे. मासा कसा धरायचा ते सगळं त्यांनीच शिकवलं. शिंगटीला वरून हात घालायचा नाही, तिचा पाठीवरचा आणि बाजूचे दोन काटे ताठ उभे राहतात आणि मग मोडले तरी मिटत नाहीत. वाम सापासारखी दिसते म्हणून घाबरायचं नाही, पण पाठीवरून हात उलटा फिरवायचा नाही, तिथे काट्यांची करवत असते. ते लांबडं अंग तिला चिखलात आणि दगडांच्या फटीत शिरायला.

आणि मरळ. शिरूरला उन्हाळ्यात नदीची डबकी व्हायची. त्यातलं पाणी तापलं, आटलं की बाकीचे मासे तोंड वर काढून तडफडायचे आणि मरायचे. मरळ मात्र खुशाल असायची. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवायच्या पोकळ्या असतात. ती वर येते, घोटभर हवा घेते आणि खाली जाते. हे मला आबांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, "आणि तिला वर येऊच दिलं नाही तर?" आबा म्हणाले होते, "तर बुडून मरंल." मासा पाण्यात बुडून मरतो! मी हे वर्गात सांगितलं तर सायन्सच्या सरांनी मला बाकावर उभं केलं. आज त्या सरांना सांगावंसं वाटतं की सर, आबा बरोबर होते. असो. विषयांतर झालं.

तर पाण्याचा फोन. "आरं इंजिनेर, व्हॉट्सॲप बघ. फोटू टाकलाय. ह्यो कंचा मासा हाय सांग, आन ह्येला जाळ्यातनं काढायचा कसा ते बी सांग."

फोटो उघडला आणि मी ओळखला. ओळखायला नेट लागलं नाही. तरी मी म्हटलं, "बघून सांगतो रे."

शनिवारी पहाटे मुलीला घेऊन निघालो. "समुद्रातलेच पाहिजेत ना बाबा, तिथे समुद्र कुठंय?" तिचा प्रश्न बरोबर होता. म्हटलं, चल तर खरी, आकार तेच असतात. हडपसर, उरुळी, यवत, चौफुला, मग पाटसला डावीकडे. आठाच्या आत वाडीवर. वहिनींनी चहा दिला आणि आम्ही थेट काठावर.

भीमा आता आमच्या लहानपणीची राहिली नाही. उजनी धरण झालं १९८० साली, त्याचं फुगवट्याचं पाणी भरलं की पार दौंड तालुक्यात येतं. भिगवणला फ्लेमिंगो बघायला आपण सगळे जातो ते हेच पाणी. त्याला रंग हिरवा आहे, वास आहे, आणि कडेने जलपर्णी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी इथेच येतं, आपण टॉयलेटचं बटण दाबतो ना, ते. फ्लेमिंगोच्या फोटोत वास येत नाही एवढंच.

पाण्याने रात्री लावलेलं जाळं काढायला घेतलं. मुलगी होडीत मध्ये बसलेली, लाइफ जॅकेट घालून. थोडी चिलापी आली, दोन शिंगट्या, एक वाम. आणि मग ते यायला लागले.

इथले लोक त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. पेपरवाले सकर मासा म्हणतात. काळा, अंगावर वेड्यावाकड्या ठिपक्यांची नक्षी, डोकं रुंद, शेपटीकडे निमुळता, आणि पाठीवरचा पर शिडासारखा उभा. खवले नाहीतच. त्याऐवजी हाडाचे पत्रे, एकावर एक बसवलेले, चिलखतासारखे. बाजूच्या दोन परांना पुढे जाड, खरखरीत काटे. पोट सपाट आणि तोंड डोक्याच्या खाली, गोल, चोखणीसारखं. आपल्या ओळखीच्या कुठल्याच माशासारखा नाही.

जाळ्यात आला की तो काटे ताठ करतो. तंगुसाचे धागे त्या काट्यांत आणि पत्र्यांत असे गुंतत जातात की सोडवायचा म्हणजे अर्धा तास, नाहीतर ब्लेड. पाण्या ब्लेड वापरत होता. एका माशामागे हातभर जाळं जायचं. त्याचे तळवे मुलीने बघितले आणि गप्प झाली. सगळ्या बोटांवर चिरा होत्या, काही जुन्या, काही ताज्या.

"खात नाही का कोणी?" मी विचारलं.

"ह्यात खायाला काय हाय? निस्तं टक्कुरं. भिगवणला लिलावात नेला तर व्यापारी हसतोय. कुत्रं तोंड लावत न्हाय."

त्या दिवशी चौदा निघाले. मोजले मुलीने. काठावर टाकले. आम्ही होडी ओढली, हात धुतले, आबांना भेटून आलो, पोहे खाल्ले. परत काठावर आलो तर उन्हात पडलेले ते चौदाही अजून कल्ले हलवत होते.

"बाबा, हे मेले का नाही अजून?"

मग मी तिला सांगितलं. हा मासा पोटाने श्वास घेतो. म्हणजे वर येऊन हवा गिळतो आणि त्याच्या जठराचं पातळ अस्तर फुप्फुसाचं काम करतं. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपला तरी चालतं, पाण्याबाहेर काढला तरी कित्येक तास चालतं. तोंड खाली का, तर दगडावरचं, लाकडावरचं शेवाळ खरवडून खायला, आणि वाहत्या पाण्यात तोंडानेच चिकटून राहायला. चिलखत का, तर तो जिथला आहे तिथे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यात, त्याला गिळायला टपलेले पुष्कळ आहेत. शिवाय हा काठाच्या मातीत हात-दीड हात खोल बिळं करतो, त्यात अंडी घालतो आणि नर तिथे पहारा देतो. म्हणजे तिकडे जो आकार जेमतेम जीव वाचवायला पुरतो, तो इकडे आणला तर त्याला कोणी हातच लावू शकत नाही. त्याला ओळखणारा शिकारीच इथे नाही. भीमेतल्या शिवड्याचं तोंड केवढं मोठं, पण त्याने हे गिळायचं कसं?

मुलगी वहीत लिहीत होती. मी फार छान समजावतोय असं मला वाटत होतं.

दुपारी आबांजवळ बसलो. आबा आता थकलेत, दिसतं कमी, पण माशाला हात लावला की नाव सांगतात. मी त्यांना मोबाइलवरून एक गोष्ट वाचून दाखवली. ही मला अलीकडेच सापडलेली, आणि मला फार आवडलेली.

कर्नल सायक्स नावाचा एक इंग्रज होता. मुंबई सरकारने त्याला १८२४ मध्ये आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. दख्खनभर फिरून शेती, माणसं, पाऊस याची नोंद करायची. या गृहस्थाने पक्षी आणि मासेही गोळा केले. भिगवणच्या माळावर कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांना त्याच्या नावाचा चंडोल माहीत असेल. त्याने इथल्या माशांची वर्णनं १८३९ मध्ये लंडनला छापली. आणि बऱ्याच माशांना लॅटिन नाव शोधत न बसता त्याने काठावरच्या भोयांना, कोळ्यांना विचारून जे मराठी नाव मिळालं तेच देऊन टाकलं! शिंगटीचं शास्त्रीय नाव आजही मिस्टस शिंगटी आहे. मळ्याचं गारा मळ्या. महासीरचं टॉर खुदरी, आणि तो त्याला मिळाला होता पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत. हो, आपल्याच मुळा-मुठेत. जगभरातले शास्त्रज्ञ आज पेपर लिहिताना आमच्या आबांच्या आजा-पणजाची भाषा लिहितात.

त्यातला एक चपटा, चंदेरी, उभ्या ताटलीसारखा मासा त्याने भीमेच्या काठच्या 'पैरगाव'हून नोंदवलाय. इंग्रजांच्या स्पेलिंगचा मला अनुभव आहे, आणि भीमेच्या काठी हे पेडगावशिवाय दुसरं काय असणार? म्हणजे आम्ही बसलो होतो तिथून नदीपलीकडचंच, थोडं खालच्या अंगाला. बहादूरगडाचं पेडगाव. मुलीला त्या माशाचं चित्र दाखवलं. "हे तर पापलेट!" म्हणाली. नाही, पापलेटचा आणि त्याचा नात्यागोत्याचा संबंध नाही. एक अरबी समुद्रातला, दुसरा गोड्या पाण्यातला, रोहू-कटल्याच्या भावकीतला. पण झटकन वळायचं आणि समोरून रेघ दिसायचं, हा प्रश्न दोघांना सारखा, म्हणून उत्तर सारखं.

आबांना मात्र त्या सगळ्या यादीतून एकाच नावाने जाग आली. मळ्या.

"मळ्या व्हता की. ह्या पेडगावच्या अंगाला खडक व्हता, पानी खळखळ करायचं. त्या खडकाला चिकटून बसायचा. हनुवटीखाली वाटी असती त्याच्या, ती अशी लावायचा दगडाला." आबांनी तळहात जमिनीला टेकवून दाखवला. "पोटानं सपाट. किती बी पानी येऊंदे, जाग्यावरनं हालत न्हाय. धरणाचं पानी आलं, खडक खाली गेला. मग कुठला मळ्या."

मी त्या तळहाताकडे बघत राहिलो. सपाट पोट, खाली चिकटायची वाटी, दगडावरचं शेवाळ खायचं. म्हणजे मळ्या आणि हेलिकॉप्टर एकाच कामाला बनलेले, दोन खंडांत वेगवेगळे घडलेले. फरक एवढाच की मळ्याला वाहतं, स्वच्छ, खळखळतं पाणी लागतं. त्याला हवा गिळता येत नाही. नदी थांबली, पाणी सडलं, आणि त्याच आकाराची जागा घ्यायला बाहेरचा आला, जो थांबलेल्या, सडलेल्या पाण्यात जगतो. चिलापी पण तसलीच, कमी हवेत तग धरणारी. आफ्रिकेतला मांगूर, ज्याला थाई मांगूर म्हणतात, केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्यावर बंदी घातलीय, तोही हवा घेणारा. नदीचं पाणी आपण बदललं आणि त्या पाण्याने आपल्याला हवे तसले नाही, त्याला हवे तसले मासे निवडले.

"त्यो गोरा सायेब मासं खायाचा का निस्ती नावं लिवायचा?" आबांनी विचारलं. सगळे हसलो.

तेवढ्यात पाण्याने विचारलं, "पर इंजिनेर, ह्यो त्या अमेरिकेतनं हितं आला कसा?"

मी म्हणालो, "ते... लोक घरी काचेच्या टाकीत पाळतात ना. टाकी साफ करतो म्हणून दुकानदार देतात. मोठा झाला की मग सोडतात कुणीतरी नदीत."

"कुणीतरी," पाण्या म्हणाला. प्रश्न नव्हता तो. नुसतंच म्हणाला.

मी पोह्याची ताटली उचलून आत नेऊन ठेवली.

वेड पांघरून पेडगावला जाणे हा वाक्प्रचार आपण शाळेत पाठ करतो. पेडगावच्या समोर बसून तो करून दाखवणारे थोडेच असतील.

तर आता खरं सांगतो. २०१२ साली मी खराडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. लग्न व्हायचं होतं. ऑफिसमधल्या एकाचं बघून मीही मोठी टाकी घेतली होती. त्यात गोल्डफिश, आणि दुकानदाराने "काच साफ ठेवतात सर" म्हणून दिलेले दोन सकर. करंगळीएवढे होते. वर्षभरात गोल्डफिश मेले, हे दोघे वीतभर झाले. मग ऑनसाइटची ऑर्डर आली, तीन आठवड्यांत निघायचं. सामान विकलं, टाकी वॉचमनला दिली. हे दोन मासे कोणाला नको होते. मारवेनात. मग एका रात्री बादलीत घेतले, बाइकवर पुढे धरले आणि मुंढव्याच्या बाजूला नदीत सोडले. पाण्यात पडल्यावर क्षणभर तिथेच थांबले, मग गेले. मला आठवतंय, त्या रात्री मला फार बरं वाटलं होतं. दोन जीव वाचवले म्हणून.

मुळा-मुठा तिथून मांजरी, थेऊर करत जाते आणि शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. भीमा पुढे दौंडला. दौंडहून पाण्याच्या वाडीला. म्हणजे मी ते माशांना सरळ पाण्याच्या पत्त्यावर पाठवले होते.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे स्वतःला सोडवायला लगेच हिशोब केला. माझ्या दोन माशांनी उजनी भरली का? नाही. माझ्यासारखे किती असतील, शिवाय दुकानांतून, मत्स्यबीजाच्या पिशव्यांतून किती आले असतील. देशात कितीतरी राज्यांत तो पसरलाय, तिथे मी कुठे गेलो होतो? आणि मुळा-मुठेचं ते पाणी, त्यात ते दोघे चार दिवसही जगले नसतील. हे शेवटचं मी बरीच वर्षं धरून होतो. पण सकाळी मीच मुलीला समजावलं होतं ना, तो पोटाने हवा घेतो म्हणून? ते पाणी बाकीच्यांना मारतं. त्याला नाही. दोन्ही नर असतील, दोन्ही माद्या असतील, एवढाच एक धागा उरला. तोही फार ताणता येत नाही.

परत येताना यवतच्या पुढे मुलीने विचारलं, "बाबा, पण टाकीतला मासा नदीत कोण सोडेल? त्यांना माहीत नसतं का?"

मी म्हटलं, "मी सोडले होते. दोन."

बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "काकांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

याचं उत्तर लोणी काळभोर आलं तरी मला सुचलं नाही. ट्रॅफिक लागला. ती झोपली.

प्रोजेक्ट सोमवारी दिला. तक्त्यावर बांगडा, पापलेट, लेप, पाकट, आणि कोपऱ्यात मोठं काळं हेलिकॉप्टर, चौदा असा आकडा घालून. टीचरनी त्याच्यापुढे लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलंय. समुद्रातला नाही ना तो.

पाण्याला फोन करायला मला गुरुवार उजाडला. आधी इकडचं तिकडचं बोललो. पाऊस कधी, आबांची तब्येत कशी. मग सांगितलं. साल सांगितलं, मुंढव्याचा काठ सांगितला, सगळं सांगितलं. पलीकडे काही आवाज नाही. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता तेवढा ऐकू येत होता.

मग तो म्हणाला, "मला वाटलंच व्हतं."

"कसं?"

"फोटू बघून लगेच बोलला न्हाईस. तुला म्हाईत नसतं तर तू धा प्रश्न इचारले असतेस. ल्हानपनापास्नं बघतोय तुला."

मी म्हटलं, जाळ्याचे पैसे पाठवतो. "येडा हाईस का," म्हणाला. "दोन माशांचं जाळं किती हुतंय? आन बाकीच्या बाराचं कुनाकडं मागू?" मग थोडं थांबून, "आबास्नी सांगू नगंस पर. त्यांस्नी तुझं लई कौतिक."

मला वाटलं आता ठेवेल. पण म्हणाला, "एक काम कर. तिकडं ती वेल्डिंगवाल्यांची हातमोजं मिळत्यात बघ, चामड्याची, कोपरापतूर. हितं गावात न्हाई मिळत चांगली. यील तवा आन."

काल ऑफिसमधून लवकर निघून चार जोड घेतले. दुकानदाराने विचारलं, फॅब्रिकेशनचं काम का? मी म्हटलं, नाही, मासे. त्याने काही न बोलता बिल केलं. उद्या सकाळी निघतोय, मुलगी पण येते म्हणतेय.